शिंगाच्या मुठीचा चाकू

मनकर्णाबाई चहा ठेवायला आत वळल्या आणि प्रभुदास मास्तरांनी कोनाड्यातला चाकू उचलला. फक्त उघडून बघायचा होता. उघडला, मिटला, आणि स्वेटरखालच्या सदऱ्याच्या खिशात घातला. कसा घातला ते कळलंच नाही, असं त्यांनी लगेच मनाला सांगितलं. मनाला काहीतरी सांगावंच लागतं!

आले होते भेटायला. त्यांचा जिवाचा दोस्त कानिफनाथ गेला होता, परवाच त्याचा दहावा झाला. मनकर्णाबाई त्याची बायको. आणि मास्तर म्हणजे गावातल्या दोन पिढ्यांना अक्षरओळख करून दिलेला माणूस, वर दर रविवारी चर्चमध्ये पोरांकडून ‘चोरी करू नकोस’सकट दहा आज्ञा पाठ करून घेणारा. शोभलं का हे? नाही शोभलं. पण चाकूच तसा होता, त्याला कोण काय करणार.

काळ्या शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, मागे इवलीशी कडी. पातं कडुनिंबाच्या पानासारखं, पोटाशी जरासं झुकलेलं. उघडताना कुठे अडणार नाही, कुरकुरणार नाही, शेवटी नुसतं ‘टक्’ करणार. असा घाट आता कुणी करत नाही. मास्तरांनी भिंगारचा सगळा बाजार पालथा घातला होता, नगरच्या दुकानांतून विचारलं होतं. सगळीकडे तेच प्लास्टिकच्या मुठीचे, भडक रंगांचे. पारावर बसून कानिफनाथ पेरूच्या फोडी करायचा तेव्हा मास्तरांचं पेरूकडे लक्षच नसायचं.

मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या. कप पुढे सरकवून भिंतीला टेकून बसल्या.

“मास्तर, एक काम ऱ्हायलंय ह्यांचं,” त्या म्हणाल्या. “जायच्या आदल्या दिशी म्हनले, माझा चाकू मास्तरला दे. पोरांना काय त्याचं? मास्तर बघतो तसं त्या चाकूकडं दुसरं कुनी बघत न्हाई.”

मास्तरांनी कप खाली ठेवला.

“थांबा, आनते,” म्हणून त्या उठल्या. कोनाड्यात हात घातला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, देवाच्या फोटोमागे चाचपलं. “आगं बया! सकाळी तर हितंच हुता.”

“राहू द्या हो वहिनी, सापडेल नंतर,” मास्तर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. आता खिशातून काढून काय सांगायचं? गंमत केली म्हणायचं? दोस्ताच्या सुतकात?

“नंतर कसा? मरनाऱ्याचा शबूद हाय त्यो!” मनकर्णाबाईंनी अंथरुणं झटकली, पेटी उपसली. मग एकदम ताठ झाल्या आणि चुलीकडे तोंड करून ओरडल्या, “पंकजे! भाईर ये! मघाशी भंगारवाला आल्ता, काय काय दिलंस त्याला?”

सून पिठाच्या हातांनीच बाहेर आली. “फुटकी बादली अन् चाळन दिली, आत्या.”

“अन् चाकू?”

“न्हाई वो! मी कशाला दिईन? पोराची शप्पत.”

“शप्पत कशाला घेतीस लेकराची? सासरा गेला न्हाई तवर घर विकाया काढलंस व्हय गं?”

पंकजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती तोंडाला पदर लावून आत पळाली. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. छातीपाशी चाकू रुतत होता. बोल, प्रभुदास, आत्ता बोल, असं ते स्वतःला बजावत होते, आणि जीभ काही उचलत नव्हती.

शेवटी ते उठले. कोनाड्याखाली धान्याची पत्र्याची कोठी होती. तिच्यामागे वाकले, खोकले, खोकता खोकता स्वेटरखाली हात घातला आणि मोठ्यानं म्हणाले, “हा काय! खाली पडला होता.”

मनकर्णाबाईंनी झडप घालून चाकू घेतला. पौषाची थंडी होती. कोठीचा पत्रा हात लावू देत नव्हता, पायाखालची फरशी झोंबत होती. त्यांनी चाकू मुठीत धरला. दुसऱ्या हातात घेतला. पितळेवरून अंगठा फिरवला.

“गरम हाय की,” त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर कोठीकडे बघत राहिले. कान तापले होते, पाय मात्र गारठले होते.

“पंकजा,” मनकर्णाबाईंनी हाक मारली. आवाज उतरला होता. “ये गं भाईर. चुकलं माझं. उगीच आळ घेतला तुझ्यावर.”

“घावला व्हय, आत्या? कुठं हुता?” पंकजा दारात आली. नाक लाल झालं होतं.

मनकर्णाबाईंनी चाकू पदरानं पुसला.

“मास्तरांनी काढून दिला,” त्या म्हणाल्या. चाकू त्यांनी मास्तरांच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि रिकामी बशी उचलून भिंतीकडे वळल्या.

मास्तरांचा हात पुढे गेला नाही. तेवढ्यात पंकजा लगबगीनं आली, पदर सावरून खाली वाकली आणि त्यांच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं.

“तुमी हुता म्हनून, गुरुजी,” ती म्हणाली. “न्हाईतर जलमभर चोर ठरले असते मी ह्या घरात.”