मामाचा अंदाज

खेळण्यातल्या ठोकळ्यांचा कुठला सेट कंपनी बंद करणार आणि मग तो दामदुपटीने विकला जाणार, हे मामाने सांगितलं की काळ्या दगडावरची रेघ. भाचीला त्याचं लहानपणापासून कोण कौतुक! दर रविवारी तो नवा सेट आणायचा, तिच्याबरोबर फरशीवर पालथा पडून जोडायचा आणि संध्याकाळी मोडून परत न्यायचा. "दुकानातून उसना आणलाय गं राणी, विकत घ्यायची आपली ऐपत कुठे!" असं म्हणत तिचे डोळे पुसायचा.

आता गुडघे कुरकुरतात म्हणून मामाने माळा आवरायला तिलाच बोलावलं. वर चढून पाहते तर तिच्या लाडक्या दीपगृहाचा सेट! एक नाही, सीलबंद खोक्यांची भिंतच.

"मामा, ही कधी घेतलीस?"

"तू सहा वर्षांची होतीस तेव्हा," खाली शिडी धरून मामा म्हणाला.

"याचीच किंमत वाढणार, हे तुला कसं कळलं?"

"अनुभव गं!"

पहिल्याच खोक्यावर मामाच्या अक्षरातली जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती. "विमानतळ : अर्ध्या तासात कंटाळली. नको. दीपगृह : परत नेताना तासभर रडली. चाळीस घेणे."