चौथं बोट

प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर मनानंच एखादा प्राणी काढत असे. बासष्ट साली अमरावतीच्या कॉलेजात तीन बोटांचा काढला. दात पाहून मुलांनी त्याला मांसाहारी गणात बसवलं आणि गावावरून लॅटिन नावही ठेवलं, अमरावतेन्सिस.

दुसऱ्या सकाळी मी प्रयोगशाळेत टेबलाशी बसून वह्या तपासत होते. अर्ध्या तासानं शिपाई सूर्यभान धापा टाकत आला आणि फळ्यापुढं थबकला.

"बाई, एक बोट कमी काढलं तुमी. याले चार रायतात."

"अहो सूर्यभानजी, असा प्राणी जगात नाही!"

"मले ते नाई समजत. पण याच्या पायाचे ठसे मीच पुसतो ना रोज, तुमी यायच्या आधी."

मला हसू आलं. "मग आज कुठे आहेत?"

"आज मले उशीर झाला," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

फरशीवर चार बोटांचे ठसे होते. अजून ओले. दारातून ते सरळ माझ्या टेबलाखाली आले होते, आणि परत गेलेला एकही नव्हता.

"बाई," सूर्यभान अगदी हळू म्हणाला, "पाय हालवू नोका."