तिकडची थंडी

"एक घ्या, मास्तर. दुसरा नाय देनार." आग्नेसने एक खाकी स्वेटर पेटीत टाकला आणि दुसरा पदराखाली ओढून घेतला.

पाचूबंदरच्या शाळेच्या ओसरीवर जवानांसाठी लोकरीचे कपडे जमा होत होते. एकावन्न सालचा नाताळ तोंडावर आला होता, फाळणीने वेगळ्या झालेल्या दोन्ही देशांची सैन्यं सरहद्दीवर समोरासमोर उभी होती आणि विद्याधर मास्तरांच्या अंगात देशप्रेम नुसतं संचारलं होतं. मास्तर जूनमध्येच घाटावरून बदलून आलेले. इथल्या पोरांनी पोटासाठी मुंबई, कराची, एडन, सगळी बंदरं पालथी घातलेली. त्यातलं कोण कुठे, ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. दोन्ही देशांच्या लष्करी खर्चाचे आकडे मात्र तोंडपाठ.

"दोन्ही तुम्हीच विणलेत ना, आग्नेसबाई?"

"मग? एका लोकरीचे, एका मापाचे." जाळी विणणाऱ्या त्या हातांना सुया चालवायला चर्चच्या सिस्टरांनी शिकवलं होतं.

"मग हा का लपवता?"

"हा माझ्या पोराचा."

तिचा वॉल्टर पठाणकोटला फौजेत आहे, एवढं मास्तरांच्या कानावर होतं. "वॉल्टर एकटाच का जवान? सगळेच आपले."

"मास्तर, जाऊ द्या ना," मागून आग्नेसची शेजारीण रुक्मिणी हळूच म्हणाली.

जाऊ देतील तर मास्तर कसले! त्यांनी खडू उचलला. "द्यायचा नसेल तर तुमचं नाव फळ्यावर लिहीन. देशासाठी एक स्वेटर जड झाला म्हणून."

"लिवा. मोठ्या अक्षरात लिवा. लांबून पन दिसला पायजे."

ओसरीवर कोणी हसलं नाही. मास्तरांना राग आला, पण त्यांनी तो आकड्यांवर काढला. "बाई, समजून घ्या. तिकडे सरकारच्या तिजोरीतला निम्म्याहून जास्त पैसा लष्करावर जातो. आपल्याकडे त्याहून कमी. म्हणून लोकांनीच हातभार लावायचा."

आग्नेस पहिल्यांदाच नीट ऐकू लागली. "निम्म्याहून जास्त? म्हंजे तिकडचे सोल्जर गरम कपड्यात असतील?"

"छे! सगळा पैसा तोफांत. माणसाकडे बघतो कोण? ऐन थंडीत कुडकुडतायत बिचारे." आपण काय बोललो ते मास्तरांच्या ध्यानात आलं. "बिचारे कसले! कुडकुडू देत. कपड्यालत्त्यात आपलाच जवान सुखी."

"नक्की?"

"अगदी नक्की."

आग्नेसने पदराखालचा स्वेटर बाहेर काढला. मास्तरांनी हसून हात पुढे केला.

तिने स्वेटरची घडी घातली आणि ती छातीशी घट्ट धरली.

"मग तर मुळीच नाय देनार. वॉल्टरला तुमच्या पेटीतला मिळंल. माझा युजीन तिकडच्या फौजेत हाय."