मुहूर्ताची गाडी

“मॅडम, इंजिन गेलंय. वॉरंटी शनिवारीच संपली.”

“कशी संपली?” मी फोनमधला फोटो सर्व्हिसवाल्याच्या नाकासमोर धरला. हार घातलेली गाडी, आरतीचं ताट घेऊन मी, खाली तारीख. “दसऱ्याला घेतलीय. तीन वर्षं व्हायला अजून आठवडा आहे!”

“वॉरंटी बिलापासून धरतात. तुमचं बिल दहा दिवस आधीचं आहे.”

“ऑफर संपतेय म्हणून तुमच्याच माणसानं घाई केली! गाडी दसऱ्यापर्यंत इथंच उभी होती. तेव्हा हे का नाही सांगितलंत?”

“ते सेल्सवाले. आम्ही सर्व्हिसवाले.”

माझं डोकंच फिरलं. मागच्या टेबलावर एक सेल्समन एका जोडप्याला गोड आवाजात सांगत होता, “बिल आज करू, ऑफर आहे. गाडी मुहूर्तावर दसऱ्याला न्या.”

मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले. “ताई, बिलसुद्धा दसऱ्यालाच करा. माझी बंद गाडी बाहेर उभी आहे, आधी ती बघून या.”

ती दोघं खरंच उठली. सर्व्हिसवाला धावत आला. “मॅडम, तुमचं मॅनेजरशी बोलून बघतो ना!”

“बघा. तोवर मी इथंच बसते.”