चार लोकांतला मान

कार्डानं बिल भरल्यावर वडवणीच्या हॉटेलातला म्हातारा वेटर राधाकिशन चार लोकांत पाया पडला. नवे सरपंच अंगदराव यांना निवडून आल्याचं सार्थक वाटलं. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

महिन्यानं क्रेडिट कार्डाचं बिल आलं आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. जेवण आठशे, टिप दोन हजार अकरा. २०११ हा तर त्यांचा पिन. त्या दिवशी मशीननं दोनदा आकडे मागितले, दोन्हीदा त्यांनी न वाचताच पिन दाबला होता. पहिल्यांदा मशीन टिप विचारत होतं.

ते तडक हॉटेलात गेले. "मी काहून देईन बाबा एवढी टिप?"

"मला बी तेच वाटलं, सरपंच," राधाकिशन म्हणाला. "म्हणून तर पाया पडलो."