लोणारचं तीर्थ

नांदुऱ्याचे पुंजाजी मास्तर बारा वर्षं शाळेत लोणारचं खारं तळं शिकवत होते. प्रत्यक्ष पाहायला गेले ते महाराष्ट्र झाला त्या साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत. निघताना बायकोनं, विमलबाईंनी, कळशी दिली. "धारेचं गोड पानी आनजा. गल्लीत तीर्थ वाटू."

गोड्या झऱ्याची ही धार वरच, रस्त्याला लागून. तिथलं पाणी तर कोणीही भरतं, खरं तीर्थ तळ्याचंच, म्हणून मास्तर थेट खाली तळ्यापर्यंत उतरले. भरली कळशी घेऊन चार ठिकाणी बसत, बाभळीला धोतर फाडून घेत वर आले.

घरी बाया जमल्या. मास्तरांनी आधी स्वतः वाटीभर घेतलं. जीभ भाजली, पण सगळ्यांदेखत थुंकणार कसे? "अमृत," म्हणाले. बाया आपापलं तीर्थ घेऊन घरी गेल्या. पुढे दोन दिवस मास्तरांच्या हातातलं टमरेल सुटलं नाही. त्याचा दोष त्यांनी उन्हाला दिला.

आठ दिवसांनी विमलबाईंनी पापड तळला. तो ताटात मावेना.

"औंदा गल्लीत साऱ्यायचेच असे फुलले," त्या म्हणाल्या. "तुमच्या तीर्थात पीठ भिजवलं."

"म्हंजे कोनी पेलंच नाही?"

"तळ्याचं पानी कोन पेते जी? वासावरूनच समजलं साऱ्यायले. पापडाचा खार असते त्यात."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगाच्या आधीच तुमी अमृत म्हणून मोकळे झाले. मास्तरले खोटं कोन पाडन?" विमलबाईंनी दुसरा पापड वाढला. "पुढच्या साली जासान तं घागर नेजा."