काचेपलीकडे

छातीत कळ आलेल्या नवऱ्याला, दादाजींना, सुलोचनाबाईंनी सानगडीहून गाडी करून मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथल्यांनी दादाजींना आत निजवलं आणि बाईंना चिठ्ठी काढायला पिटाळलं. चिठ्ठी घेऊन धावत परतताना एका काचेच्या दारापाशी त्या थबकल्या. आत पलंगाभोवती पांढऱ्या कोटातल्या पोरापोरींचा घोळका होता. एक जण पलंगावरच्या माणसाची छाती दणादण दाबत होता आणि बाकीचे चक्क हसत होते.

"माय वं! माहा माणूस मरून राह्यला, अन् तुमी हासता?" त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं.

एका डॉक्टर मुलीनं दार उघडून त्यांना आत नेलं. "मावशी, घाबरू नका. हा रबराचा बाहुला आहे. जीव कसा वाचवायचा, ते सर शिकवून राहिले आम्हाले."

बाईंनी बाहुल्याच्या गार गालाला हात लावून पाहिला. जिवात जीव आला. पदरानं डोळे पुसत त्याही हसल्या.

"बाप्पा! दवाखान्यातले सारेच डाक्टर शिकाले आले का?"

"हो मावशी. आज सगळ्यांना यावंच लागते."

पदर बाईंच्या हातातच राहिला.

"मंग माह्या माणसाजवळ कोन हाये?"